विहिरीकडची भिंत

रत्नमाला बोरकरनं चोवीस वर्षं डोक्यावर घमेलं वाहिलं. भंडाऱ्यात, जवाहरनगरच्या क्वार्टरांच्या डागडुजीत, हायवेवरच्या लॉनच्या आणि हॉटेलांच्या कामांवर, ठेकेदार नेईल तिथं. इतकी घरं तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली, पण त्यातलं एकही आपण बांधलं असं तिला कधी वाटलं नाही. घर मिस्त्री बांधतो. रेजा, म्हणजे हाताखालची मजूर बाई, त्याला सिमेंट-वाळूचा मसाला नेऊन देते. भिंत वाकडी गेली तर बोलणी मिस्त्री खातो आणि रेजा संध्याकाळी हातपाय धुऊन घरी जाते. त्या निर्धास्तपणाची किंमत तिला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळली.

ती राहते शहापूरला, जुन्या वस्तीत. हायवे रुंद झाला तसं गावाचं तोंडच बदललं. रस्त्याला लागून ढाबे, टायरची दुकानं, लग्नाचे लॉन. त्यामागे प्लॉट पाडलेली धानाची शेतं. आणि दोन्हींच्या मधोमध, कुणी विसरून ठेवावी तशी जुनी वस्ती. अरुंद बोळ, उघडी नाली, खाली बसलेली कौलारू घरं. वस्तीत शिरायच्या वाटेवर एक विहीर आहे. नळ आले तशी ती सुटली. लोकांनी तिच्यात आधी निर्माल्य टाकलं, मग प्लास्टिक, मग काहीही. रत्नमालाची सासू सांगायची, आपल्या बाया त्या विहिरीच्या ओट्याखाली भांडं घेऊन उभ्या राहत, वरून कुणी पाणी ओतेल म्हणून. रत्नमालाच्या काळात तसं काही उरलं नव्हतं. आता सगळ्याच मोहल्ल्यांतल्या बाया त्या विहिरीपाशी उन्हात उभ्या राहून ऑटोची वाट बघायच्या, आणि सगळ्यांनाच नाकाला पदर लावावा लागायचा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तिथं प्रतिक्षा गोंडाणे नावाची मुलगी वही घेऊन फिरू लागली. भंडाऱ्याची, नागपुरात आर्किटेक्चर शिकलेली, वय सत्तावीस. एका संस्थेकडून तिनं थोडी मदत मिळवली होती. विहीर उपसायची, वर जाळी बसवायची, आणि बाजूला बसायला एक छोटी सावली करायची, असा तिचा बेत होता. दोन बाजूंना दोन भिंती आणि वर नुसत्या विटांची कमान. ना सळई, ना स्लॅब. भिंतींवर वस्तीतल्या बायांनीच चित्रं करायची, फुटक्या टाइल्सची, बांगड्यांची, जुन्या पितळेची.

"मावशी, जुन्या गावाकडे लोक पाठ करून चाललेत," ती रत्नमालाला म्हणाली होती. "इथं एक जागा अशी झाली ना, की माणूस थांबेल, तर पुढचे बोळही दुरुस्त होतील. सुरुवात छोटीच असते."

गावातले जुने मिस्त्री गोपीचंद. रत्नमालानं त्यांच्या हाताखाली बारा वर्षं काम केलेलं. त्यांनी नकाशा उलटापालटा करून पाहिला.

"भिंती बांधून देतो," ते म्हणाले. "कमान नाही. लोखंडाबिगर छत असते का कुठं? उद्या कोनाच्या डोक्यावर पडलं त बोंब माह्या नावानं."

कमान शिकवायला बाहेरगावचा एक कारागीर दहा दिवसांसाठी आला. पहिल्या दिवशी सहा पुरुष होते. पाचव्या दिवशी हायवेवर नव्या हॉटेलचं काम निघालं आणि सहाही जण तिकडे गेले. उरली रत्नमाला आणि आणखी दोघी रेजा. कारागिरानं इकडेतिकडे पाहिलं, मग मसाला लावायची करणी रत्नमालाच्या हातात दिली.

पहिले दोन दिवस तिला एकेक वीट दोनदा काढून लावावी लागायची. कमानीच्या आकाराच्या लोखंडी फर्म्यावर एकेक वीट तिरपी बसवायची, सांधा बोटाएवढाच ठेवायचा, मसाला ना पातळ ना घट्ट. तिसऱ्या दिवशी हात बसला. मसाला कसा हवा हे तिला सांगावं लागलंच नाही. चोवीस वर्षं तोच तर ती कालवत आली होती. शेवटची वीट तिनं कमानीच्या माथ्यावर ठोकून बसवली, तेव्हा खाली उभ्या असलेल्या प्रतिक्षानं टाळ्या वाजवल्या. रत्नमालाला हसू आलं नाही. आता हे माझ्या नावावर लागलं, एवढंच तिच्या मनात आलं.

फर्मा काढला त्या दिवशी सकाळपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं. फर्मा निघाला, कमान जागच्या जागी राहिली, लोक पांगले. ती मात्र घरी जाऊन पुन्हा आली. जेवून पुन्हा आली. हायवेवरून लोड भरलेला ट्रक गेला की जमीन किंचित हलायची आणि तिचे डोळे वर जायचे.

मग भिंतींची चित्रं सुरू झाली. घराघरातून वस्तू आल्या. विहिरीकडच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगावर बायांनी धानाच्या रोपांची रोवणी चितारली, चिखलात वाकलेल्या बाया, मागं पांढऱ्या टाइल्सचे बगळे. समोरच राहणाऱ्या चंद्रकांताबाईंनी एक तडकलेली पितळी परात दिली. परातीवर त्यांच्या सासूचं नाव कोरलेलं होतं, रुखमा. ती परात बायांनी सूर्य म्हणून लावली. येणारा-जाणारा थांबून आपली वस्तू शोधायचा. त्या आठ दिवसांत रत्नमाला थोडी सैल झाली.

उद्घाटन रविवारचं ठरलं. या कामासाठी गावानं केलेल्या समितीचे अध्यक्ष ताराचंद, हायवेवर त्यांचं हार्डवेअरचं दुकान. त्यांनी मंडप सांगितला, पाहुणे बोलावले.

त्याच्या आधीच्या सोमवारी सकाळी रत्नमाला आत झाडून घेत होती. विहिरीकडच्या बाजूला, भिंत संपून कमान सुरू होते तिथं, तिला एक रेघ दिसली. केसासारखी. कोळ्याचं जाळं असेल म्हणून तिनं झाडूचा बुंधा फिरवला. रेघ गेली नाही. नखानं खरवडून पाहिलं. नख अडकलं.

तिच्या कानात एकदम वारं भरल्यासारखं झालं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, कुणी पाहत नव्हतं. जवाहरनगरला एकदा गोपीचंदांनी भेगेवर कागदाची पट्टी चिकटवलेली तिनं पाहिली होती. पट्टी शाबूत राहिली तर भेग जुनी. फाटली तर भिंत चालून राहिली, म्हणजे अजून हलते आहे. ती घरी गेली, कणकेची खळ केली, वर्तमानपत्राची बोटभर पट्टी कापली आणि स्टुलावर चढून रेघेवर आडवी चिकटवली. कुणी विचारलं तर सांगायचं, रंगासाठी खूण केली.

त्या दिवशी तिनं कुणालाही काही सांगितलं नाही. पुढं तिला सगळ्यात जास्त खात राहिला तो हाच दिवस. दुपारी दोन म्हाताऱ्या कमानीखाली येऊन टेकल्या, पान खात तासभर बोलत राहिल्या. रत्नमाला समोरच्या ओसरीवर बसून त्यांच्याकडे पाहत होती. उठा म्हणावं तर का म्हणून विचारतील. त्या उठून गेल्या तेव्हाच ती ओसरीवरून हलली.

मंगळवारी सकाळी पट्टी फाटलेली होती. सरळ, मधोमध.

नवरा डोमा हायवेवरच्या एका गोदामावर पहारेकरी आहे. तो ड्यूटीवर निघता निघता तिनं त्याला सांगितलं. तो चपला घालता घालता थांबला.

"कोनाले सांगितलं?"

"अजून कोनालेच नाही."

"मंग नको सांगू. रविवार होऊन जाऊ दे. ते इंजिनेरबाई हाये ना, ते पाह्यन. तू कायले मधात पडून राहिली?"

"अन् रविवारीच पडलं त? मानसं बसली असतानी?"

डोमानं दुसरी चप्पल पायात सरकवली. तो वाईट माणूस नाही. बायकोच्या हातात करणी आल्याचं त्यानं गोदामावर चार जणांना सांगितलं होतं. आता तेच चौघे काय म्हणतील, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "तुह्याच माथ्यावर येईन हे," एवढं म्हणून तो गेला.

तिनं प्रतिक्षाला फोन लावला. पट्टी फाटल्याचं सांगितलं.

"मावशी, मी नागपुरात आहे, उद्या सकाळच्या बसनं येते. तोवर खाली कुणाला जाऊ देऊ नका. कुणालाच नाही." मुलीचा आवाज बारीक झाला होता. रत्नमालाला वाटलं होतं, ती म्हणेल काही नाही, असं होतं कधी कधी. ती तसं म्हणाली नाही.

मग ती गोपीचंदांकडे गेली. ते आले, रेघेवरून अंगठा फिरवला, वर पाहिलं, मग खाली वाकून भिंतीच्या बुडाशी पाहिलं. तिथं त्यांची नजर जरा जास्त वेळ थांबली.

"मी म्हनलंच होतं," ते उठत म्हणाले. "कमान कच्ची हाये. तुमी बायांनी मसाला पातळ ठेवला असन."

"नाही ठेवला, मिस्त्री."

"मंग वीट भिजवली नसन."

ते निघून गेले, आणि रत्नमालानं त्यांचं खरं मानलं. बारा वर्षं ज्यांचं ऐकलं त्यांचं खरं मानायची तिला सवय होती. अंधार पडेपर्यंत ती कुणाला आत न सोडता कमानीच्या तोंडाशी बसली, आणि मग घरी चुलीपुढं एकेक थर आठवू लागली. चौथ्या दिवशी दुपारी पाणी आलं नव्हतं. त्या थराच्या विटा नीट भिजल्या होत्या का? सातव्या थराला सोबतच्या बाईनं एक सांधा मोठा ठेवला होता, तो मी पुन्हा केला की नाही? जितकं आठवावं तितकं कमी आठवायचं.

बुधवारी उजाडताच तिनं बाभळीच्या काट्या तोडून आणल्या आणि कमानीच्या दोन्ही तोंडांना लावल्या. तासाभरात ताराचंद मोटरसायकलवर आले.

"हे काय लावून ठेवलं?"

"भेग हाये भाऊ. आत जायचं नाही."

ताराचंदांनी लांबूनच पाहिलं. "एवढीशी रेघ? सिमेंट भर, वरून रंग मार. चार दिवसांवर कार्यक्रम हाये. पाहुने येऊन राहिले."

"रंगानं नाही थांबत ते."

"तुले काय समजते त्यातलं?"

चोवीस वर्षांत मिस्त्री किंवा ठेकेदार असं म्हणाला की ती मान खाली घालून घमेलं उचलायची. त्या दिवशी उचलायला घमेलं नव्हतं. "बांधलं मी हाये," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. ताराचंद गेल्यावर कुणीतरी एका बाजूच्या काट्या सरकवल्या. तिनं त्या परत लावल्या आणि तिथंच, तोंडाशी, जमिनीवर बसून राहिली. ऑटोची वाट पाहणाऱ्या बाया तिच्याकडे बघत होत्या. एक जण दुसरीला म्हणाली, पडते म्हणे ते. दोघी चार पावलं मागं सरकल्या.

प्रतिक्षा साडेनऊला आली. तिनं आधी फर्मा परत आणवला आणि कमानीखाली उभा करून खालून पाचरी मारून घट्ट केला. मग दोरा लावला, ओळंबा सोडला. कमानीचे सांधे तिनं एकेक करून तपासले. रत्नमाला तिच्या तोंडाकडे पाहत उभी होती, दवाखान्यात रिपोर्टची वाट बघणाऱ्या माणसासारखी.

"मावशी, कमान नाही," प्रतिक्षा शेवटी म्हणाली. "सांधे चांगले आहेत. भिंत खाली बसतेय. विहिरीकडची."

भिंतीच्या बाहेरून, बुडाशी एक हात रुंद खड्डा घेतला. दीड-दोन फुटांवर कडक लागलं. विहिरीचा जुना, मातीनं बुजलेला ओटा तिथवर पसरलेला होता. त्याच्यावरच अर्धी भिंत उभी होती. रत्नमालानं लोखंडाची जड सब्बल घेऊन ओट्याच्या कडेशी मारली. आवाज पोकळ आला. दुसऱ्यांदा मारली तशी सब्बल हातातून सुटून आत गेली. काळा, ओला, वास मारणारा गाळ वर आला, त्यात प्लास्टिकच्या चिंध्या. ओट्याखालची माती कधीच वाहून गेली होती आणि तिथं वर्षानुवर्षांचा कचरा भरला होता.

तोवर पाचपन्नास माणसं जमली होती. गोपीचंदही मागं उभे होते. पाया त्यांनी खोदला होता, ओट्यावर भिंत त्यांनी उचलली होती, आणि हे तिथल्या अर्ध्या माणसांना माहीत होतं. ताराचंद म्हणाले, "म्हंजे चूक कोनाची?"

कुणी गोपीचंदांकडे पाहिलं, कुणी प्रतिक्षाकडे. रत्नमालाला वाटलं होतं, आपली चूक नाही हे कळल्यावर जीव भांड्यात पडेल. तसं झालं नाही. तिनं गोपीचंदांच्या हातांकडे पाहिलं. ते त्यांनी मागं बांधले होते. मंगळवारपासून तिला आपले हात कुठं ठेवावेत कळत नव्हतं, तसंच आता त्यांचं झालं होतं.

"नकाशा माझा आहे," प्रतिक्षा म्हणाली. "खड्डा भरायच्या आधी येऊन बघणं माझं काम होतं. मी त्या दिवशी नागपुरात थांबले, आणि फोनवर फोटो पाहून हो म्हटलं. चूक माझी."

मग गोपीचंद हळूच बोलले, कुणाकडे न बघता. "मले तो ओटा पक्का वाटला." आणि ते गर्दीतून निघून गेले.

काम ठरलं ते असं. कमानीला फर्म्याचा टेकू ठेवून ओट्याचा तो भाग तुकड्यातुकड्यानं काढायचा, पक्क्या मातीपर्यंत जायचं, दगड भरायचा. आणि बाहेरून भिंतीला टेकणारे विटांचे दोन जाड धिरे द्यायचे, म्हणजे ती बाहेर ढकलली जाणार नाही. धिरे नेमके रोवणीच्या चित्रावर येणार होते. एक तर थेट परातीवर.

रत्नमाला चंद्रकांताबाईंच्या अंगणात गेली. त्या तांदूळ निवडत होत्या.

"बाई, तुमची परात काढावं लागते."

"फुटन का?"

"सांगता येत नाही. मसाला धरला हाये तिनं."

चंद्रकांताबाईंचा हात सुपात तसाच राहिला. "माह्या सासूनं त्या परातीत चाळीस वर्षं कणिक मळली," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "काढ. तूच काढजो पन. दुसऱ्या कोनाले हात नको लावू देऊ."

छिन्नीनं कडेकडेनं कोरत तिला पूर्ण सकाळ लागली. परात निघाली, पण तडकलेल्या जागी दुमडली आणि काठाचा तुकडा निखळला. नावातलं 'मा' त्याच तुकड्यावर होतं. तो गाळात पडला तो सापडला नाही. बगळ्यांपैकी दोन वाचले. चंद्रकांताबाईंनी उरलेली परात हातात घेतली, पदरानं पुसली आणि घरात नेऊन ठेवली. रत्नमालाला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी, खड्ड्यात उतरून ती दगड लावत होती, तेव्हा वरून कुणीतरी दगड खाली दिला. गोपीचंद होते. अंगात कामाचा जुना शर्ट, हातात स्वतःची करणी.

"तो उलटा लावला तू," ते म्हणाले. "चपटं अंग खाली."

तिनं दगड फिरवला. दिवसभर दोघं दगड आणि मसाला याखेरीज काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला विचारलं, इथं धिरा किती रुंद घेऊ? त्यांनी तिला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. प्रतिक्षाला फोन करून तिनं माप सांगितलं.

अकरा दिवस लागले. उद्घाटन झालं नाही ते झालंच नाही. मंडपवाल्यानं दुसरं लग्न धरलं, पाहुण्यांनी पुढची तारीख दिली नाही. ताराचंद महिनाभर रत्नमालाकडे पाहून मान वळवत. टेकू काढल्यावर तिनं भेगेच्या जागी नवी पट्टी लावली. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. पट्टी शाबूत राहिली, मग उन्हानं पिवळी पडून एका कोपऱ्यातून सुटली. तिनं तिच्या जागी दुसरी लावली.

पण लोक बसेनात. भेग पडलेली कमान असं नाव पडलं होतं. बाया पुन्हा उन्हातच उभ्या राहत, कमानीच्या सावलीपासून हातभर दूर. हे रत्नमालाला भेगेपेक्षा जास्त लागलं. मग एप्रिलमध्ये, ऊन चव्वेचाळीसवर गेलं तेव्हा, तिनं एक ठरवलं. काम नसेल त्या दिवशी ती दुपारी डबा घेऊन कमानीखाली जायची आणि मधोमध बसून जेवायची. तिला स्वतःला भीती वाटत नव्हती असं नाही. घास चावताना ती थांबायची, वर काही करकरतं का ऐकायची. पण जेवण पूर्ण करूनच उठायची.

पाचव्या की सहाव्या दिवशी चंद्रकांताबाई आल्या. त्यांना कुठं ऑटोनं जायचं नव्हतं. त्या कट्ट्यावर टेकल्या, वर पाहिलं.

"पडत नाही ना वं?"

"माह्या हिशेबानं त नाही पडत."

"तुह्या हिशेबानं म्हंजे?"

"म्हंजे मी पन बसलीच हावो ना खाली."

चंद्रकांताबाईंनी डब्यातली भेंडीची एक फोड उचलली. हायवेवरून ट्रक गेला, जमीन थोडी हलली. दोघींनी एकदम वर पाहिलं, मग एकमेकींकडे. पुढच्या आठवड्यात जवाहरनगरला कामाला जाणाऱ्या तिघी येऊन बसल्या, आणि मे लागता लागता जागा पुरेनाशी झाली.

या हिवाळ्यात प्रतिक्षानं पलीकडच्या गावातल्या एका बोळाचं काम धरलं आहे. तिथंही तशीच छोटी सावली, तशीच कमान. मिस्त्री म्हणून तिनं रत्नमालाचं नाव लिहिलं. हो म्हणायला रत्नमालानं चार दिवस घेतले. पहिल्या दिवशी ती त्या गावी गेली, तर गोपीचंद तिच्या आधीच पोचलेले, पायाच्या खड्ड्यात उतरून सब्बल ठोकत होते. ती काठावर उभी राहून ऐकत राहिली. आवाज भरीव येत होता.

"मिस्त्री, आनखी एक फूट जाऊ द्या," तरीही ती म्हणाली.

गोपीचंदांनी घाम पुसला आणि पुन्हा सब्बल उचलली.